वाळीत टाकलेले खेळाडू

१९०९ सालच्या उन्हाळ्यांत मँचेस्टर शहराच्या फॅलोफील्ड भागांतील एका मैदानावर एक छायाचित्र घेण्यांत आलें. फुटबॉलच्या संघांचीं छायाचित्रें नेहमीं असतात तसेंच तें आहे. कांहीं गडी उभे, कांहीं बसलेले, चेहरे गंभीर. वेगळी आहे ती फक्त पाटी. तिच्यावर क्लबाचें खरें नांव नाहीं. ‘आउटकास्ट्स फुटबॉल क्लब’ असें तिच्यावर लिहिलें आहे. म्हणजे वाळीत टाकलेल्यांचा फुटबॉल संघ. हा कांहीं हौशी पोरांचा मेळा नव्हता. त्याच वर्षाच्या २४ एप्रिल रोजीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मैदानावर ब्रिस्टल सिटीचा एका गोलानें पराभव करून इंग्लंडचा असोसिएशन चषक ज्यांनीं मँचेस्टरला आणला, आणि त्याच्या आधल्या वर्षीं ज्यांनीं लीगचें अजिंक्यपद मिळविलें, ते मँचेस्टर युनायटेडचे हे खेळाडू. चषक जिंकल्यावर ज्यांच्यासाठीं रस्त्यांत माणूस मावेना, त्यांना चार महिन्यांच्या आंत खेळण्यास मैदान नाहीं, पगार नाहीं आणि क्लबाचें नांव लावण्याचीहि सोय नाहीं, अशी स्थिति कां आली?

पैसे घेऊन खेळणारा माणूस नेमका कशासाठीं खेळतो, हा प्रश्न त्या काळीं इंग्लंडांत मोठ्या तावातावानें चर्चिला जात असे. शहराच्या अभिमानासाठीं, अंगावरील सदऱ्याच्या रंगासाठीं, कीं आठवड्याच्या अखेरीस हातीं पडणाऱ्या पगारासाठीं? ज्याला पगार मिळतो त्याला अभिमान कसला, असें एक पक्ष म्हणे. दुसरा म्हणे कीं, अभिमान आहे तर मग पगाराची भाषा कशाला? मतें परस्परविरुद्ध खरीं, पण दोहोंचाहि शेवट खेळाडूचा खिसा हलका राहण्यांतच होई.

फुटबॉलचे नियम १८६३ सालीं लंडनमध्यें लिहिले गेले ते सुखवस्तु घरांतील, मोठमोठ्या निवासी शाळांतून शिकलेल्या तरुणांच्या हातून. त्यांना खेळ म्हणजे फावल्या वेळचा विरंगुळा. परंतु वीस वर्षांच्या आंत हा खेळ लँकेशायरच्या गिरणगांवांत उतरला. शनिवारीं दुपारीं गिरणीचा भोंगा झाला कीं कामगार मैदानाकडे धांव घेत, आणि आपल्या गांवचा संघ शेजारच्या गांवाकडून हरूं नये म्हणून तिकिटाचे पैसे आनंदानें मोजीत. संघ हरूं नये तर चांगले गडी हवेत. चांगले गडी स्कॉटलंडांतून आणावयाचे तर त्यांच्या पोटाची सोय पाहिली पाहिजे. मग कोणाला गिरणींत नांवापुरती नोकरी, कोणाच्या बुटांत सामन्यानंतर गुपचूप ठेवलेलें नाणें, असा व्यवहार सुरू झाला. १८८४ सालीं प्रेस्टन नॉर्थ एंड या क्लबाविरुद्ध तक्रार झाली, तेव्हां त्याचे चालक विल्यम सडेल यांनीं ती नाकारली नाहीं. ही प्रथा सर्वत्रच आहे, असें त्यांनीं सांगून टाकलें. क्लब स्पर्धेंतून बाद झाला. पण उत्तरेकडील क्लब वेगळा संसार थाटण्याची भाषा बोलूं लागले, आणि १८८५ च्या जुलैंत फुटबॉल असोसिएशननें पगारी खेळास मान्यता दिली. मन मात्र तिनें मोकळें केलें नाहीं. तीन वर्षांनीं बारा क्लबांची लीग निघाली. पहिल्याच हंगामांत याच प्रेस्टननें बावीस सामन्यांत एकदांहि हार न खातां अजिंक्यपद पटकावलें आणि चषकहि जिंकला. पगारी माणसाला ईर्ष्या नसते, या म्हणण्यास याहून चोख उत्तर मिळणें कठीण.

मान्यतेच्या पाठोपाठ दोन बेड्या आल्या. १८९३ पासून लीगनें असा नियम लागू केला कीं, एका क्लबाकडे नोंदलेला खेळाडू त्या क्लबाच्या संमतीवांचून लीगमधील दुसऱ्या क्लबाकडे जाऊं शकणार नाहीं. करार संपला तरी नाहीं, पगार थांबला तरी नाहीं. क्लबाला मात्र त्याला विकतां येई. दुसरा नियम १९०१ पासून अमलांत आला. कोणाहि खेळाडूस आठवड्याला चार पौंडांहून अधिक पगार देतां कामा नये, आणि विजयाबद्दल बक्षिसीहि देतां कामा नये. चार पौंड ही त्या काळीं लहान रक्कम नव्हे. कुशल कारागिराच्या मजुरीच्या ती जवळजवळ दुप्पट भरे. पण कारागिराचे हात म्हातारपणापर्यंत चालत, आणि फुटबॉलपटूचा गुडघा एखाद्या शनिवारच्या दुपारींच संपून जाई. शिवाय चार पौंड ही वरची मर्यादा. तेथपर्यंत न पोंचणारेच फार.

या बंधनाचें स्वरूप मराठी माणसाला नाटक मंडळ्यांच्या उदाहरणानें लवकर ध्यानांत येईल. १९१३ सालीं बालगंधर्व किर्लोस्कर मंडळींतून बाहेर पडले आणि त्यांनीं बोडस व टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली. जुन्या मंडळीच्या अभिमान्यांना हळहळ वाटली असेल. पण जाणाऱ्याची वाट अडविणें कोणाच्या हातीं नव्हतें. त्याच सालीं इंग्लंडांतील कितीहि नामांकित फुटबॉलपटूला असें करतां आलें नसतें. किर्लोस्कर मंडळीनें बालगंधर्वांना दुसऱ्या मंडळीस रोख रकमेला विकलें आणि त्यांचा पगार होता तेवढाच राहिला, अशी कल्पना करून पाहावी! १९०५ सालीं सन्डरलंड क्लबानें आल्फ कॉमन या आपल्या आघाडीच्या गड्यास मिडल्झबरो क्लबाकडे एक हजार पौंडांना दिलें. वर्तमानपत्रांत गहजब झाला. माणसांचा बाजार मांडला, असें लोक म्हणूं लागले. कॉमनचा कायदेशीर पगार त्यानंतरहि चार पौंडांच्या वर जाऊं शकत नव्हता. आणि गंमत अशी कीं, नव्या क्लबाकडून त्याचा पहिलाच सामना त्याच्या जुन्या क्लबाशीं, शेफील्ड युनायटेडशीं पडला, आणि विजयाचा गोल त्यानेंच केला. परगांवच्या मैदानावर मिडल्झबरोला जवळजवळ दोन वर्षांत मिळालेला तो पहिला विजय होता. विकत आणलेल्या माणसाच्या अंगीं संघाचा अभिमान किती दिवसांत मुरतो, याचें गणित कोणास मांडावयाचें असेल तर त्यानें या दुपारचा विचार करावा.

युनायटेडच्या खेळाडूंत सर्वांत प्रसिद्ध बिली मेरेडिथ. वेल्समधील चर्क गांवचा हा मुलगा वयाच्या बाराव्या वर्षीं कोळशाच्या खाणींत उतरला होता. उजव्या बगलेवरून तो धांवूं लागला कीं प्रेक्षक उठून उभे राहत, आणि तोंडांत दांतकोरणें धरून खेळण्याची त्याची लकब व्यंगचित्रकारांच्या मोठी आवडीची होती. १८९४ पासून तो मँचेस्टर सिटीकडे होता. १९०४ सालीं त्याच्या कप्तानपदाखालीं सिटीनें चषक जिंकला तो त्यानेंच केलेल्या एकमेव गोलावर. दुसऱ्याच वर्षीं अ‍ॅस्टन व्हिलाच्या कप्तानास दहा पौंड देऊं केल्याच्या आरोपावरून त्याला खेळण्यास बंदी झाली. त्यानें प्रथम आरोप नाकारला. मागाहून तें आपण क्लबाच्या सांगण्यावरून केलें, असें सांगितलें. मेरेडिथला सोज्ज्वळ ठरविण्याचें कारण नाहीं. पण क्लबानें अंग काढून घेतल्यावर तो जें बोलला तें महत्त्वाचें आहे. सिटीच्या यशाचें रहस्य काय, तर क्लबानें चार पौंडांचा नियम गुंडाळून ठेवला होता, असें त्यानें उघड म्हटलें. ज्या संघाच्या एकजुटीचे गोडवे सारें शहर गात होतें, त्या एकजुटीच्या मुळाशीं चालकांनीं खेळाडूंच्या कामाची खरी किंमत ओळखली ही गोष्ट होती, असा त्याच्या म्हणण्याचा अर्थ. १९०६ सालीं चौकशी होऊन सिटीच्या सतरा खेळाडूंना दंड व बंदीची शिक्षा झाली, आणि त्यांनीं पुन्हां कधींहि सिटीकडून खेळूं नये असा हुकूम निघाला. मेरेडिथ, सँडी टर्नबुल, हर्बर्ट बर्जेस आणि जिमी बॅनिस्टर हे चौघे शेजारच्या मँचेस्टर युनायटेडकडे आले.

युनायटेड हा मूळचा रेल्वे कामगारांचा संघ. १८७८ सालीं न्यूटन हीथच्या डबे-कारखान्यांतील लोकांनीं तो काढला. १९०२ सालीं त्याचें दिवाळें निघण्याची वेळ आली तेव्हां जॉन हेन्री डेव्हिस या मद्य-कारखानदारानें त्याला सांवरलें आणि त्याचें नांव बदललें. सिटीचे हे चौघे आले आणि हा संघ एकदम पहिल्या पंक्तीला बसला. त्याचा कप्तान चार्ली रॉबर्ट्स हा डार्लिंग्टनचा. उंच, निधड्या छातीचा, मधल्या फळीचा आधारस्तंभ. खेळाडूंच्या चड्डीनें गुडघे झांकलेच पाहिजेत, असा असोसिएशनचा एक नियम होता. रॉबर्ट्स आंखूड चड्डी घालून खेळे. वरिष्ठांशीं त्याचें पुढें जें वाजलें, त्याची ही जणूं नांदी होती.

१९०७ च्या एप्रिलांत युनायटेडच्या दुय्यम संघाच्या एका सामन्यांत टॉमस ब्लॅकस्टॉक नांवाचा खेळाडू चेंडू डोक्यानें मारल्यावर कोसळला आणि मरण पावला. मृत्यु नैसर्गिक ठरला; त्याच्या घरच्यांना भरपाई मिळाली नाहीं. गिरणींत पट्ट्यांत सांपडून मेलेल्या कामगाराच्या विधवेला तेव्हां कायद्यानें कांहीं तरी मिळत असे. फुटबॉलपटू कामगार आहे कीं नाहीं, हेंच कोणी नीट ठरविलें नव्हतें. बंधनें घालतांना तो नोकर, आणि हक्क मागूं लागला कीं तो खेळगडी! त्याच वर्षाच्या २ डिसेंबरला मँचेस्टरच्या इंपीरियल हॉटेलांत खेळाडूंची सभा भरली. अध्यक्षस्थानीं मेरेडिथ होता. या सभेंतून खेळाडूंची युनियन निघाली. पगाराची मर्यादा उठवावी, करार संपल्यावर खेळाडूस मोकळीक असावी, आणि दुखापत झालेल्यांना कायद्याचें संरक्षण मिळावें, या तिच्या मागण्या होत्या. युनायटेडचाच एक गोलरक्षक हर्बर्ट ब्रूमफील्ड तिचा चिटणीस झाला.

प्रथम असोसिएशननें या युनियनकडे सौम्य दृष्टीनें पाहिलें. पण खेळाडूंचे तंटे न्यायालयांत जाऊं लागले, आणि इतर धंद्यांतील कामगार संघांच्या महामंडळास जोडून घेण्याचा बेत युनियन करूं लागली, तेव्हां वरिष्ठांचा धीर सुटला. खाण-कामगार आणि विणकर यांच्या पंक्तीला फुटबॉल बसणार? उद्यां कोळशाच्या खाणींत संप झाला तर शनिवारचा सामनाहि बंद पडेल कीं काय? असोसिएशननें हुकूम काढला कीं, १ जुलै १९०९ च्या आंत प्रत्येक खेळाडूनें युनियनचा राजीनामा द्यावा. न देणाऱ्याची नोंद रद्द होईल, म्हणजे त्याला कोठेंहि खेळतां येणार नाहीं आणि पगारहि मिळणार नाहीं. क्लबाशीं निष्ठा आणि युनियनशीं निष्ठा या दोन गोष्टी एका माणसाच्या ठायीं राहूं शकत नाहींत, हें त्या हुकुमांतील गृहीत होतें.

एकामागून एक क्लबांतील खेळाडूंनीं सह्या केल्या. त्यांना भित्रे म्हणणें सोपें आहे. पण घरीं मुलें, अंगीं दुसरी कला नाहीं, आणि वर्षें थोडीं उरलेलीं, अशा माणसांनीं दुसरें काय करावें? सह्या केल्या नाहींत त्या मँचेस्टर युनायटेडच्या मंडळींनीं. सर्वांत अधिक यश, सर्वांत अधिक टाळ्या आणि म्हणून गमावण्यासारखेंहि सर्वांत अधिक ज्यांच्यापाशीं होतें तेच अडून बसले. वास्तविक यांत नवल नाहीं. दोन वर्षें ज्यांनीं एकमेकांच्या पायांवर विसंबून चेंडू सोडला होता, त्यांना ‘तूं सही करतोस काय?’ हें एकमेकांस विचारण्याची गरजच पडली नसावी. क्लबाच्या चालकांनीं ज्या सांघिक अभिमानाची जोपासना केली होती, तोच अभिमान आतां चालकांच्या हुकुमासमोर उभा राहिला. रॉबर्ट्सला त्या वर्षीं क्लबाकडून बेनिफिटचा सामना मिळावयाचा होता, पांचशें पौंडांच्या हमीचा. बंदी उठली नाहीं तर पगाराबरोबर तेहि जाणार होते. कप्तान मागें हटला नाहीं, मग बाकीचे कसे हटणार?

उन्हाळाभर पगार नव्हता. रॉबर्ट्सनें पुढें सांगितलेली त्या दिवसांतील एक हकीकत मोठी बोलकी आहे. एका शुक्रवारीं नेहमींप्रमाणें सारे क्लबाच्या कचेरींत पगारासाठीं गेले. पैसे नाहींत, असें उत्तर मिळालें. तेव्हां सँडी टर्नबुलनें, कांहीं तरी विकावें लागणार, असें म्हणून भिंतीवरचा आरसा काढला आणि काखोटीस मारून तो चालूं लागला. बाकीच्यांनीं त्याचा कित्ता गिरवला. कोणी आरसा, कोणी केसांचा ब्रश. थोड्या वेळानें कप्तानाला निरोप आला कीं, माल विक्रीस तयार आहे! रॉबर्ट्सनें समजूत घालून सारें सामान परत नेलें. कटुता होती, पण ती अशा हंसण्याखालीं झांकलेली होती.

क्लबाचें मैदान बंद, म्हणून त्यांनीं फॅलोफील्डच्या मैदानावर सराव चालूं ठेवला. तेथेंच एका बातमीदाराच्या छायाचित्रकारासमोर ती पाटी धरण्यांत आली. चषक जिंकल्यानंतर काढलेल्या अधिकृत छायाचित्राहून हें छायाचित्र पुढें अधिक प्रसिद्ध झालें. बाहेरचा असा एकच खेळाडू प्रथम त्यांच्या बाजूस उघडपणें उभा राहिला, एव्हर्टनचा टिम कोलमन. पण मग वारा फिरूं लागला. उत्तरेकडील इतर क्लबांतील खेळाडू पुन्हां युनियनकडे वळूं लागले. हंगाम १ सप्टेंबरला सुरू व्हावयाचा, आणि युनायटेडजवळ मैदानांत उतरविण्यास संघच नाहीं! ३१ ऑगस्टला बर्मिंगहॅम येथें बोलणीं होऊन तडजोड झाली. असोसिएशननें युनियनला मान्यता दिली, बंदी उठली, थकलेला पगार देण्याचें ठरलें. दुसऱ्या दिवशीं युनायटेडनें ब्रॅडफर्ड सिटीचा एका गोलानें पराभव केला.

ही पूर्ण जीत नव्हती. महामंडळास न जोडण्याचा निर्णय युनियनच्या सभासदांनीं थोड्याच दिवसांत बहुमतानें घेतला. रॉबर्ट्स आणि मेरेडिथ यांना तो जिव्हारीं लागला. पगाराची मर्यादा राहिली, बांधून ठेवण्याची पद्धतहि राहिली. १९१२ सालीं हर्बर्ट किंगबी या खेळाडूनें अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध केलेला दावा हरला, आणि त्या खर्चानें युनियनचें कंबरडें मोडावयाची पाळी आली. रॉबर्ट्स १९०५ सालीं इंग्लंडकडून तीन सामने खेळला होता; त्यानंतर त्याला एकदांहि बोलावणें आलें नाहीं. त्याचा खेळ उतरला म्हणून नव्हे, हें सर्वांना दिसत होतें. १९११ सालीं त्याच्याच कप्तानपदाखालीं युनायटेडनें लीग पुन्हां जिंकली. १९१३ सालीं क्लबानें त्याला ओल्डहॅमकडे पंधराशें पौंडांना दिलें. पुढें त्यानें तंबाखूचा व्यापार केला. त्याच्या एका सिगारचें नांव होतें ‘डकरोबेल’: डकवर्थ, रॉबर्ट्स आणि बेल या युनायटेडच्या मधल्या फळींतील तिघांच्या नांवांचीं पहिलीं अक्षरें जुळवून केलेलें. ज्या क्लबानें त्याला विकलें, त्या क्लबांतील दोन सोबत्यांना त्यानें असें जवळ ठेवलें.

येथें कथा थांबवली तर ती फार गोंडस होईल. १९१५ च्या गुड फ्रायडेला युनायटेड आणि लिव्हरपूल यांचा सामना झाला. महायुद्ध सुरू होतें. त्या हंगामानंतर लीग बंद पडणार आणि करार संपणार, हें प्रत्येक खेळाडू जाणून होता. युनायटेडनें सामना दोन गोलांनीं जिंकला. प्रेक्षकांना खेळ विचित्र वाटला. दोन गोलांच्या याच निकालावर पैजा लागल्या होत्या, हें मागाहून उघडकीस आलें. चौकशीअंतीं दोन्ही क्लबांच्या मिळून सात खेळाडूंवर जन्माची बंदी आली. त्यांत आरसा काखोटीस मारणारा सँडी टर्नबुल होता. १९०९ सालीं सोबत्यांसाठीं पगार सोडणारा माणूस सहा वर्षांनीं निकाल ठरवून घेणाऱ्यांत सांपडावा, ही गोष्ट अभिमानाचे पोवाडे गाणाऱ्यांना अडचणीची वाटेल. पण तेव्हांचा संघ फुटला होता, कप्तान विकला गेला होता, आणि समोर रिकामा हिवाळा होता. अभिमान ही अशी वस्तु नव्हे कीं एकदां माणसांत भरली म्हणजे वर्षानुवर्षें पुरेल. टर्नबुल सैन्यांत गेला आणि १९१७ च्या मे महिन्यांत फ्रान्समध्यें अरासच्या लढाईंत पडला. त्याच्यावरील बंदी त्याच्या मरणानंतर उठली.

पगाराची मर्यादा १९६१ च्या जानेवारीपर्यंत टिकली. तेव्हां ती वीस पौंड होती. जिमी हिल यांच्या नेतृत्वाखालीं खेळाडूंनीं संपाची तारीख ठरविल्यावर ती उठली. १९६३ सालीं जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यांत न्यायमूर्ति विल्बरफोर्स यांनीं बांधून ठेवण्याची पद्धत धंद्याच्या स्वातंत्र्यावरील गैरवाजवी बंधन ठरविली. करार संपलेल्या खेळाडूस किंमत न मोजतां जातां यावें, याला १९९५ सालच्या बॉस्मन निकालापर्यंत वाट पाहावी लागली. या प्रत्येक वेळीं क्लबांच्या बाजूनें एकच भीति बोलून दाखविली जाई: दार उघडें ठेवलें तर खेळाडू पैशामागें पळतील आणि सदऱ्याचा अभिमान कोणालाच उरणार नाहीं.

मर्यादा उठतांच आठवड्याला शंभर पौंड पगाराचा पहिला इंग्रज खेळाडू झाला तो लंडनच्या फुलहॅम क्लबाचा जॉनी हेन्स. इंग्लंडच्या संघाचा तो कप्तान होता. फुलहॅम मात्र लहान क्लब. त्याच्या कपाटांत मोठा चषक कधींच आला नाहीं. भीति खरी असती तर सर्वांत आधीं पळावयाचा तो हेन्स. पण १९५२ पासून १९७० पर्यंत तो फुलहॅमकडूनच ६५८ सामने खेळला. १९६८ सालीं संघ दुसऱ्या श्रेणींत घसरला, १९६९ सालीं तिसऱ्या. तेव्हांहि तो त्याच पांढऱ्या सदऱ्यांत मैदानांत उतरत होता.